नेमणुकीचा हक्क कुणाचा?

डहाणू आणि तलासरी हे दोन तालुके दमण आणि वसई यांच्या मधोमध येतात. उत्तर कोकणातल्या चर्चचा इतिहास लिहिणारे वसईवर भरभरून लिहितात, दमणवरही लिहितात, आणि मधल्या पट्ट्याची एखाद्या वाक्यात बोळवण करतात. वास्तविक १५५९ साली पोर्तुगीजांनी दमण घेतल्यावर संजाण, डहाणू, तारापूर, अशेरी हे परगणे दमणच्या कारभाराला जोडले गेले आणि चिमाजी आप्पांच्या मोहिमेपर्यंत तसेच राहिले. अशेरीगडावर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आजही पाहायला मिळतो. त्या राजाची सत्ता महसुलापुरती आणि किल्ल्यांपुरती नव्हती. इथला बिशप कोण व्हावा, पाद्र्यांचा तनखा कुठून द्यावा, रोमहून आलेले फर्मान लोकांना वाचून दाखवावे की अडवून ठेवावे, यांतही त्याचा शब्द चाले. पोपच्या नावाने चालणाऱ्या धर्मात पोपचाच हुकूम राजाच्या परवानगीसाठी दारात तिष्ठत राही. ही व्यवस्था कशी उभी राहिली आणि ती मोडायला चारशे वर्षे का लागली, हा या संग्रहाचा विषय आहे.

संग्रहाची सुरुवात मात्र कोकणापासून फार लांब, चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये होते. त्याला सबळ कारण आहे. राजसत्तेने पोपच्या अधिकाराला कायद्याचे कुंपण घातल्याचे सर्वांत स्पष्ट कागद तिथले आहेत. आणि त्याच देशाची कंपनी पुढे मुंबईत येऊन याच वादात उतरली.

मध्ययुगात चर्चमधले पद म्हणजे नुसते धर्मकार्य नव्हते. पदाला जमीन जोडलेली असे, पिकाचा दशांश येई. ज्याच्या पूर्वजांनी चर्च बांधले, जमीन दिली, त्या घराण्याला तिथला पाद्री सुचवण्याचा हक्क असे. आपल्याकडे देवस्थानाला इनाम देणाऱ्या घराण्याकडे पुजारी नेमण्याचा मान पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तसाच हा प्रकार. इंग्लंडच्या कायद्याने हा हक्क सरळ मालमत्ता मानला. तो वारशाने मिळे, विकता येई, आणि त्यावरचा तंटा धर्मपीठापुढे न जाता राजाच्या न्यायालयात चाले. पोप मात्र रिकाम्या होणाऱ्या पदांवर परस्पर माणसे नेमत. त्यातले बरेच परदेशी असत. पद इंग्लंडात आणि उत्पन्न खाणारा दुसरीकडे. त्यातून १३०९ ते १३७७ या काळात पोपची गादी रोमला नव्हती, आव्हिन्यों इथे फ्रान्सच्या राजाच्या सावलीत होती, आणि १३३७पासून इंग्लंडचे फ्रान्सशी युद्ध पेटलेले होते. आपला पैसा शत्रूच्या घरी जातो, ही पार्लमेंटची तक्रार होती.

तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत १३५१ साली प्रोव्हायझर्सचा कायदा झाला. पोपने अशी परस्पर नेमणूक केली तर त्या खेपेपुरता नेमणुकीचा हक्क राजाकडे जाईल, असे त्यात ठरले. दोनच वर्षांनी, १३५३ साली, प्रीम्युनायरीचा कायदा आला. राजाच्या न्यायालयाच्या अधिकारातला खटला जो देशाबाहेर नेईल त्याला दोन महिन्यांची मुदत देऊन हजर व्हायला सांगायचे. न आल्यास तो राजाच्या संरक्षणाबाहेर, त्याचा जमीनजुमला, चीजवस्तू जप्त आणि सापडला तर कैद. १३९३ साली दुसऱ्या रिचर्डच्या काळात याच नावाचा तिसरा आणि सर्वांत कडक कायदा झाला. राजाच्या हक्काला बाध आणणारी पोपची फर्माने, बहिष्काराचे हुकूम किंवा बिशपांच्या बदल्यांचे आदेश देशात आणणेच त्याने गुन्हा ठरवले.

कायद्याची भाषा वाचून राजा आणि पोप यांचे उभे वैर होते असा समज होतो. व्यवहार निराळा होता. हे कायदे झाल्यावरही बिशपांच्या नेमणुका पोपच्याच हुकमाने होत राहिल्या, फक्त नाव राजाच्या पसंतीचे असे. कायदा हातात ठेवायचा, रोज वापरायचा नाही, आणि सौदा करताना तो दाखवायचा, अशी ही रीत होती. आठव्या हेन्रीने ती टोकाला नेली. १५२९ साली कार्डिनल वुल्झीवर प्रीम्युनायरीचा ठपका ठेवला गेला, तोही पोपचा प्रतिनिधी म्हणून अधिकार चालवल्याबद्दल. आणि तो अधिकार वुल्झी राजाच्याच संमतीने चालवत होता. पुढे सगळ्या पाद्रीवर्गावर तोच आरोप आला. कँटरबरी प्रांताच्या धर्मसभेने एक लाख पौंड कबूल करून सुटका करून घेतली. १५३३ साली रोमकडे अपील बंद झाले, १५३४ साली राजा चर्चचा प्रमुख झाला. प्रीम्युनायरीचा कायदा त्यानंतरही शतकानुशतके पुस्तकात राहिला. तो काढून टाकला गेला १९६७ साली.

या कायद्यांवरचा एक जुना वाद नव्या वाचकाला ठाऊक असलेला बरा. बिशप विल्यम स्टब्स यांचे मत असे होते, की रोमचा धर्मकायदा मध्ययुगीन इंग्लंडच्या चर्च-न्यायालयांत मानाने वाचला जाई, पण बंधनकारक नव्हता. १८९८ साली एफ. डब्ल्यू. मेटलंड यांनी हे मत खोडून काढले. राजाचा कायदा आड येत नसे तिथे पोपचा कायदा पूर्ण लागू होता, असे त्यांनी दाखवून दिले. पुढच्या अभ्यासकांना मेटलंड पटले, आणि मलाही तेच पटतात. कारण इंग्लंडमध्ये पोपचा अधिकार आधीपासूनच पातळ होता असे धरले तर हे कायदे करायची गरजच उरत नाही.

आता पोर्तुगालकडे येऊ. इंग्लंडचे पार्लमेंट प्रीम्युनायरीवर बसले होते त्याच सुमारास, १३६१ साली एल्व्हास इथल्या सभेत पोर्तुगालचे धर्मगुरू पहिल्या पेद्रो राजाकडे गाऱ्हाणे घेऊन गेले: पोपची पत्रे राजाने पाहिल्याशिवाय देशात प्रसिद्ध होऊ दिली जात नाहीत. राजाने आपला शिरस्ता सोडला नाही. पोपच्या आग्रहावरून दुसऱ्या जुआंवने १४८७ साली ही परवानगीची अट रद्द केली, आणि मंत्री मार्क्विस द पोंबालने १७६५ साली ती पुन्हा बसवली. पण पोर्तुगालच्या राजांना खरा हक्क मिळाला तो भांडून नव्हे, पोपच्याच हातून. १४५५च्या फर्मानापासून १५१४पर्यंत पोपांनी एकामागून एक सनदा दिल्या. नव्या मुलखात चर्च बांधा, पाद्री पाठवा, त्यांना पोसा. बदल्यात बिशप सुचवण्याचा हक्क तुमचा. हीच पाद्रुआदो. १५३४ साली गोव्याची धर्मप्रांत म्हणून स्थापना झाली, काही वर्षांनी तिथे आर्चबिशप आला, आणि वसईपासून दमणपर्यंतचा आपला किनारा त्याच्या छत्राखाली गेला.

इंग्लंडच्या राजाने कायद्याने जे ओढून घेतले ते पोर्तुगालच्या राजाला सनदेने मिळाले. त्यामुळे पुढचे भांडण अधिक चिवट झाले. कायदा रद्द करता येतो. कायमची म्हणून दिलेली सनद परत कशी घ्यायची?

रोमला हा प्रश्न शंभर वर्षांत भेडसावू लागला. पोर्तुगालला एवढ्या मोठ्या मुलखात पाद्री पुरवणे जमेना, आणि हक्क सोडवेना. १६२२ साली पंधराव्या ग्रेगरीने धर्मप्रसारासाठी प्रोपागांडा हे खाते काढले. या खात्याची युक्ती कायदेशीर होती. राजाला बिशप सुचवायचा हक्क होता तो धर्मप्रांताचा. मग धर्मप्रांत काढायचाच नाही! पूर्वेकडच्या एखाद्या लयाला गेलेल्या जुन्या शहराचा बिशप म्हणून माणसाला दीक्षा द्यायची आणि पोपचा प्रतिनिधी, म्हणजे व्हिकर अपोस्टॉलिक, म्हणून प्रत्यक्षात हिंदुस्थानात पाठवायचे. कागदावर राजाच्या हक्काला धक्का नाही, जमिनीवर दुसरी सत्ता उभी.

या युक्तीने आलेला पहिला माणूस आपल्या मुलखातला होता, आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासातले सर्वांत ठसठशीत व्यक्तिमत्त्व त्याचे आहे. मातेउश द काश्त्रु हा गोव्याच्या दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घराण्यातला ख्रिस्ती. गोव्याच्या आर्चबिशपने त्याला दीक्षा द्यायचे नाकारले, म्हणून तो रोमला गेला, तिथे शिकला, पाद्री झाला. १६३७ साली त्याला बिशपपद मिळाले आणि आदिलशाही मुलखाचा व्हिकर अपोस्टॉलिक म्हणून तो परत आला. गोव्यात पाय रोवू देत नव्हते, तेव्हा सरहद्दीपलीकडे आदिलशाहीत असलेल्या डिचोलीत त्याने ठाणे मांडले आणि देशी मुलांना पाद्री करायला घेतले. पोर्तुगीजांनी त्याच्यावर फितुरीचा आळ घेतला. १६५३ साली त्याने गोव्याच्या ब्राह्मण ख्रिस्त्यांना उद्देशून एक जळजळीत पत्रक लिहिले, आणि अखेर १६७७ साली रोममध्ये त्याला मरण आले. त्याला आद्य राष्ट्रवादी ठरवण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळलेला बरा, कारण स्वतःच्या जातीचा अभिमान त्याच्या लिखाणात लपत नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. पोपचा थेट अधिकार राजाच्या हक्कावर मात करतो तेव्हा इथल्या माणसाला कधी कधी वाट मिळते, हे पहिल्यांदा त्याच्यामुळे दिसले. इंग्लंडचा इतिहास वाचून पोपच्या अधिकाराला आळा म्हणजे स्वातंत्र्य, असे समीकरण मनात बसते. कोकणात ते तसे बसत नाही.

मुंबईत तर ते पुरते उलटले. इंग्लंडचा राजा आणि पोर्तुगालची राजकन्या यांच्या लग्नाच्या १६६१च्या तहाने मुंबई इंग्रजांकडे गेली तेव्हा रहिवाशांचे कॅथलिक धर्माचरण चालू राहील असे वचन दिले गेले. पाद्री मात्र गोव्याच्या आर्चबिशपचे, म्हणजे पर्यायाने पोर्तुगालच्या राजाचे. गव्हर्नर चार्ल्स बूनला हे खुपत होते. १७२० साली त्याने आर्चबिशपचा अधिकार मुंबई बेटावर अमान्य केला, पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना जायला सांगितले आणि प्रोपागांडाचा कार्मेलाइट बिशप मॉरिस याला बोलावले. मॉरिसकडून इंग्रजांच्या हिताविरुद्ध काही शिकवणार नाही अशी शपथ घेतली. ज्या देशाने १३५१पासून पोपच्या माणसाला दाराबाहेर ठेवायचे कायदे केले, त्या देशाच्या कंपनीने पोपचाच थेट माणूस हाताशी धरून दुसऱ्या राजाचा माणूस घालवला. यात विसंगती दिसते, पण सूत्र एकच आहे. आपल्या हद्दीत दुसऱ्या सत्ताधीशाने नेमलेला माणूस नको, एवढेच राजसत्तेला हवे होते. धर्मसिद्धांताशी तिला कर्तव्य नव्हते.

डहाणू-तारापूरचा पट्टा १७३९च्या सुरुवातीला मराठ्यांनी घेतला आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. युरोपीय मठवासी बहुतांश निघून गेले. जे भाविक मागे राहिले त्यांना धर्म पाळण्याची मुभा तहात मिळाली, आणि त्यांच्यासाठी देशी पाद्री उभे राहिले. आर्चबिशप गोव्याचाच. पेशव्यांच्या राज्यात परक्या राजाने सुचवलेल्या धर्माध्यक्षाचा अधिकार चालू राहिला. मराठी राजवटीच्या इतिहासात या गोष्टीकडे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही.

इंग्रजांकडे मात्र स्वस्थता नव्हती. १७८९ साली मुंबईची चर्चे पुन्हा गोव्याकडे दिली, १७९१ साली परत प्रोपागांडाकडे, आणि १७९४ साली वाटणी: मुंबईतली दोन चर्चे एकाची, दोन दुसऱ्याची. एका बेटावर दोन बिशपांची सत्ता. १८३८ साली सोळाव्या ग्रेगरीने पोर्तुगीज हद्दीबाहेरचा पाद्रुआदोचा अधिकार काढून घेतला, तेव्हा पोर्तुगालने उत्तर दिले की त्या फर्मानाला राजाची परवानगी नाही, सबब ते लागू नाही. एल्व्हासच्या सभेतला शिरस्ता पाचशे वर्षांनी उत्तर कोकणात असा बोलला. रोम आणि पोर्तुगाल यांच्यातला १८५७चा करार कागदावर राहिला. १८८६च्या कराराने दमणचा वेगळा धर्मप्रांत काढून तो पाद्रुआदोकडे ठेवला. डहाणू-तलासरीचा भाग त्याच व्यवस्थेत आला. मुंबईत याचा परिणाम असा, की एकाच वाडीत शेजारी राहणारी दोन कुटुंबे दोन बिशपांच्या अधिकारात असू शकत. एक घर मूळ गोव्याचे म्हणून पाद्रुआदोचे, दुसरे प्रोपागांडाचे. लग्न लावायचे तर आधी अधिकार कुणाचा ते पाहायचे. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात इथल्या मूळ ख्रिस्ती समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेऊन स्वतःची संस्था काढली. गोव्याहून आलेल्यांपेक्षा आपण वेगळे, हे सांगायची निकड या दुहेरी अधिकाराच्या वातावरणातही होती. १९१० साली पोर्तुगालात राजा गेला, चर्चशी फारकत घेणारे प्रजासत्ताक आले, तरी त्याने हिंदुस्थानातला हा हक्क सोडला नाही! १९२८च्या करारात दमणचा धर्मप्रांत मुंबईत विलीन झाला आणि मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असे ठरले. १९५० साली पोर्तुगालने उरलेला हक्क सोडला, आणि व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९९८ साली मुंबईतून वसईचा धर्मप्रांत निघाला, त्यात आज डहाणू आणि तलासरी येतात.

या साऱ्यावर लिहिणाऱ्यांचे तट त्या भांडणाइतकेच जुने आहेत. गोव्यात कुन्य रिव्हारा यांनी १८५८ साली पाद्रुआदोची बाजू मांडली, आणि विसाव्या शतकात सिल्वा रेगु यांनी कागदपत्रांचे खंडच्या खंड छापून तिला बळ दिले. या पंथाला सनद म्हणजे करार, तो एकाने मोडता येत नाही. समोर मुंबईचे जेझुइट अर्नेस्ट हल. १९२७ आणि १९३० साली निघालेले त्यांचे मुंबई मिशनच्या इतिहासाचे दोन खंड आजही चाळल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण ते प्रोपागांडाच्या खुर्चीत बसून लिहिले आहेत. तिसरा प्रवाह अलीकडचा. केनेथ बॅलहॅचेट यांनी १९९८च्या ग्रंथात जात, वर्ग आणि वंश यांच्या अंगाने हा वाद तपासला, आणि बिशपांच्या पत्रांमागे कुठला समाज कुठल्या पाद्र्याला का नाकारतो हे पुढे आणले. प्रस्तुत संग्रह या तिसऱ्या वाटेने जातो. या विषयाची बहुतेक साधने पोर्तुगीज, लॅटिन आणि इंग्रजीत आहेत. ज्या लोकांविषयी ती आहेत त्यांची बोली मराठी. हे अंतर कमी करणे हा इथला मुख्य प्रयत्न. ईश्वरशास्त्राचे वाद आणि गोव्याचे इन्क्विझिशन हे विषय जाणीवपूर्वक बाजूला ठेवले आहेत. ते घेतले असते तर नेमणुकीचा प्रश्न त्यांच्याखाली दबला असता.

प्रश्न जुना झालेला नाही. २०१८ साली चीन आणि व्हॅटिकन यांच्यात बिशपांच्या नेमणुकीवर तात्पुरता करार झाला आणि नंतर त्याची मुदत वाढवली गेली. सरकारचा शब्द किती आणि पोपचा किती, हीच त्यातली मेख. भारतात सरकार बिशप नेमत नाही. राज्यघटनेच्या २६व्या अनुच्छेदाने धर्मसंप्रदायांना आपला धार्मिक कारभार पाहण्याचा हक्क दिला आहे. त्याची हद्दही न्यायालयांनी आखली. चर्चच्या न्यायपीठाने विवाह रद्द ठरवला म्हणून दिवाणी कायद्यात तो रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले आणि २०१७ साली पुन्हा तीच भूमिका घेतली. प्रीम्युनायरीच्या मुळाशी असलेला प्रश्न, कुठला तंटा कुणाच्या न्यायालयात, तो हाच. डहाणू आणि तलासरीत त्याला आणखी एक पदर आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, आणि १९९६च्या पेसा कायद्याने रूढी-परंपरा जपण्याचे काम ग्रामसभेकडे दिले आहे. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती वस्ती किनाऱ्यालगत राहिली, वारल्यांचा डोंगराळ मुलूख तिच्याबाहेर होता; तलासरीत जेझुइटांचे काम विसाव्या शतकातले. त्यामुळे धर्मप्रांत, ग्रामसभा आणि शासन या तिन्हींचा शब्द एकाच पाड्यावर पोचतो. त्यांच्या मर्यादा ठरवताना आपण कुठल्या जुन्या वाटेने चाललो आहोत, हे इथल्या शिक्षकाला, वकिलाला, पाद्र्याला आणि ग्रामसभेत बोलणाऱ्या माणसाला माहीत असावे असे मला मनापासून वाटते.

एका मुद्द्यावर संग्रहाशी माझा मतभेद आहे आणि तो इथेच नोंदवतो. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल चर्चमधल्या लोकांनी प्रोपागांडा सोडून पाद्रुआदोकडे जायचे ठरवले. बिशप अनास्तासियस हार्टमन चर्च सोडीनात. आपल्या माणसांसह ते आत कोंडून बसले, बाहेर दुसऱ्या पक्षाने वेढा घातला, अन्नपाणी तोडले. पंधरवड्याने सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून चर्च पाद्रुआदोच्या लोकांकडे दिले. संग्रहात याकडे दोन परक्या सत्तांनी भाविकांना झुंजवल्याचे उदाहरण म्हणून पाहिले आहे. मला ते अपुरे वाटते. एडवर्डच्या पार्लमेंटपासून १९५०च्या करारापर्यंत कुणीही साध्या भाविकाला विचारले नाही, त्याच्या वतीने राजा बोलला किंवा पोप. माहीमच्या माणसांनी न विचारता उत्तर दिले. त्यांनी निवडलेली बाजू पोर्तुगालच्या राजाची होती हे खरे, पण निवड त्यांची स्वतःची होती, आणि ती करताना बिशपला आत ठेवून बाहेर पंधरा दिवस उभे राहण्याची त्यांची तयारी होती. बिशपांच्या पत्रांत ही माणसे बंडखोर म्हणून येतात. त्यांच्या घरांतले कागद, चर्चच्या विश्वस्तांच्या वह्या, जमिनीचे दस्त शोधून त्यांची बाजू लिहिण्याचे काम अजून व्हायचे आहे. तसे कागद वसईपासून बोर्डी-घोलवडपर्यंतच्या पेट्यांतही असतील, आणि ज्यांच्याकडे असतील त्यांनी ते वाळवीच्या हाती न देता अभ्यासकांना दाखवावेत.